दुबळी प्रतिकारशक्ती आणि दडलेला क्षयरोग

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल गाडी दापोडी सोडून पुढे निघाली की कासारवाडीचे स्थानक लागते. येथील नाशिक फाट्यापाशी मुंबई-पुणे मार्गापासून नाशिकचा रस्ता फुटतो आणि भोसरी, मोशी, चाकण या औद्योगिक पट्ट्यातून पुढे जातो. जंतुजन्य रोगांशी भारताने दिलेल्या लढ्यातील दोन महत्त्वाची ठाणी या फाट्यापासून जवळच आहेत. पिंपरीच्या बाजूस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ मध्ये तो स्थापन झाला आणि सर्वसामान्य रुग्णाला पेनिसिलिन देशातच तयार होऊन मिळू लागले. पुढे क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादनही तेथे झाले. भोसरीच्या बाजूस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. ही संस्था आता ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ट्रान्सलेशनल व्हायरॉलॉजी अँड एड्स रिसर्च’ या नावाने ओळखली जाते.

एका ठिकाणी जंतू मारणारी औषधे तयार झाली, तर दुसऱ्या ठिकाणी जंतूंना तोंड देणारी शरीराची शक्ती का ढासळते याचा अभ्यास झाला. या दोन्ही कार्यांना जोडणारा एक प्रश्न मात्र आजही रुग्णाच्या जीवनमरणाचा ठरतो. औषध उपलब्ध असते, ते मोफतही मिळते. पण ज्याची प्रतिकारशक्ती खालावली आहे अशा रुग्णाच्या शरीरात कोणता जंतू शिरला आहे, हे वेळेवर ओळखता येते काय?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. एच.आय.व्ही.मुळे मृत्यू पावलेल्या प्रौढांच्या शवविच्छेदनांचा जगभरातील आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० टक्के मृतांच्या शरीरात क्षयरोग आढळला, आणि त्यांपैकी जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये तो जिवंतपणी ओळखलाच गेला नव्हता. ज्या रोगावर खात्रीचा उपचार आहे, त्याच रोगाने निदानाअभावी माणसे दगावावीत, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

संधिसाधू संसर्ग म्हणजे काय?

आपल्या भोवतालच्या हवेत, पाण्यात, मातीत आणि प्रत्यक्ष आपल्या शरीरावरही असंख्य जिवाणू असतात. निरोगी शरीर त्यांपैकी बहुतेकांना सहज आवरून धरते. प्रतिकारशक्ती खालावली म्हणजे एरवी निरुपद्रवी असलेले, किंवा शरीरात वर्षानुवर्षे निद्रिस्त पडून राहिलेले जंतू उचल खातात. अशा संसर्गास संधिसाधू संसर्ग असे म्हणतात.

प्रतिकारशक्ती दुबळी होण्याचे एच.आय.व्ही. हे एक कारण झाले. तेच एकमेव कारण नव्हे. दीर्घकाळ आटोक्यात नसलेला मधुमेह, कर्करोगावरील औषधे, मूत्रपिंड बदलल्यानंतर घ्यावी लागणारी औषधे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड गटातील औषधे आणि कुपोषण यांमुळेही शरीराचा पहारा ढिला पडतो. मधुमेही व्यक्तीस क्षयरोग होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट ते तिप्पट असतो.

औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने आणखी एक कारण विशेष ध्यानात ठेवावयास हवे, ते म्हणजे सिलिकाची धूळ. ओतशाळेत साच्याची वाळू हाताळताना व दगडकामात ही धूळ उडते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात गेले की तेथील जंतुभक्षक पेशी ते गिळतात आणि स्वतःच निकामी होतात. या पेशी क्षयजंतूंना अडविणाऱ्या पहिल्या फळीतील असल्यामुळे सिलिकोसिस झालेल्या कामगारास क्षयरोग सहज गाठतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सिलिकोसिसची गणना शासनास कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत केली होती, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे.

भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळून आला. हा विषाणू रक्तातील सी.डी.-४ या पेशींवर घाला घालतो. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. ही संख्या २०० च्या खाली गेली की संधिसाधू संसर्गाचा धोका फार वाढतो. भारतात अशा रुग्णांना ग्रासणारा सर्वांत महत्त्वाचा जिवाणुजन्य संसर्ग क्षयरोगाचा होय.

क्षयाचे जंतू शरीरात निद्रिस्त असलेल्या अन्यथा निरोगी माणसास प्रत्यक्ष रोग होण्याची शक्यता संपूर्ण आयुष्यात मिळून ५ ते १० टक्के असते. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीने उपचार घेतले नाहीत, तर जवळजवळ तेवढाच धोका तिला एकेका वर्षात संभवतो.

लक्षणे जंतूंची की शरीराची?

निदानातील मुख्य अडचण समजून घेण्यासाठी एक मूलभूत गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. आपण ज्यांना रोगाची लक्षणे म्हणतो, त्यांतील बरीचशी जंतूंमुळे थेट उत्पन्न होत नाहीत. जंतूंशी झुंजणाऱ्या शरीराच्या प्रतिकारातून ती उत्पन्न होतात. जखमेत होणारा पू हा मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशींचा साठा असतो. सूज, लाली आणि ताप हीदेखील त्या लढाईचीच चिन्हे होत.

जेथे लढणारे सैन्यच उरले नाही, तेथे लढाईचा गलबलाही ऐकू येत नाही. कर्करोगाच्या औषधांमुळे पांढऱ्या पेशी अत्यंत कमी झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात जिवाणू वाढत असताना बेडका पडत नाही. जखमेत जंतू असूनही पू होत नाही. अशा वेळी साधा ताप हे एकच चिन्ह उरते, आणि कधी तेही नसते. म्हणजे रुग्ण जितका दुबळा, तितकी लक्षणे अस्पष्ट आणि धोका मात्र तितकाच अधिक, असा हा उलटा हिशेब आहे.

दोन कामगारांचे उदाहरण

एकाच कारखान्यातील दोन कामगारांना क्षयरोग झाला आहे अशी कल्पना करावी. पहिल्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे. त्याचे शरीर जंतूंना वेढा घालते. या झटापटीत फुप्फुसाचा भाग झडून तेथे पोकळी निर्माण होते. पोकळीत जंतूंची अमाप वाढ होते आणि खोकल्यावाटे ते बाहेर पडतात. परिणामी त्याच्या बेडक्यात जंतू सहज दिसतात आणि छातीच्या क्ष-किरण चित्रात वरच्या भागातील पोकळी स्पष्ट उमटते.

दुसरा कामगार एच.आय.व्ही.बाधित असून त्याच्या सी.डी.-४ पेशी फार कमी झाल्या आहेत. त्याचे शरीर वेढा घालू शकत नाही, म्हणून पोकळीही होत नाही. बेडक्यात जंतू थोडेच उतरतात. क्ष-किरण चित्र कधी वेगळेच दिसते, तर कधी ते चक्क निर्दोष असते. जंतू मात्र रक्तावाटे लसिकाग्रंथी, यकृत, अस्थिमज्जा व मेंदूची आवरणे येथपर्यंत पोहोचलेले असू शकतात. याच्या हाती ‘बेडक्यात जंतू आढळले नाहीत’ असा कागद पडतो आणि तो कामावर परततो. वस्तुतः दोघांमध्ये अधिक आजारी तोच असतो.

त्वचेवर टोचून करावयाच्या ट्युबरक्युलिन चाचणीचेही तसेच आहे. टोचलेल्या जागी येणारी गाठ ही शरीराच्या प्रतिकाराचीच निशाणी असल्यामुळे दुबळ्या शरीरात ती उमटतच नाही. म्हणूनच एच.आय.व्ही.बाधितांमध्ये नेहमीच्या १० मिलिमीटरऐवजी ५ मिलिमीटरची गाठही होकारार्थी मानली जाते. आणि गाठ आली नाही म्हणून क्षय नाही, असा निष्कर्ष काढला जात नाही.

या साऱ्याचे तात्पर्य असे की, दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णात शरीराच्या साक्षीवर विसंबून राहता येत नाही. तेथे प्रत्यक्ष जंतूचाच माग काढावा लागतो.

सूक्ष्मदर्शकापासून जनुकीय चाचणीपर्यंत

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. तेव्हापासून बेडका रंगवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही निदानाची मुख्य पद्धत राहिली. ती स्वस्त व सोपी आहे. परंतु जंतू नजरेस पडण्यासाठी एक मिलिलिटर बेडक्यात ते सुमारे ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. पहिल्या कामगाराच्या बाबतीत ही अट सहज पुरी होते, दुसऱ्याच्या बाबतीत ती पुष्कळदा होत नाही.

प्रयोगशाळेत जंतूंची वाढ करून पाहण्याची पद्धत, म्हणजे संवर्धन, याहून पुष्कळच सूक्ष्म आहे. तथापि, क्षयाचा जंतू अत्यंत सावकाश वाढतो. घन माध्यमावर निकाल हाती येण्यास सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. द्रव माध्यमामुळे हा अवधी घटला असला, तरी खालावलेल्या रुग्णाजवळ तेवढे दिवसही नसतात.

या कोंडीतून वाट काढली ती जनुकीय चाचणीने. जंतूच्या जनुकद्रव्याचा ठरावीक तुकडा यंत्रात कोट्यवधी पटींनी वाढवून ओळखण्याचे हे तंत्र आहे. त्यावर आधारलेल्या सीबीनॅट चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये मान्यता दिली. एक मिलिलिटर नमुन्यात सुमारे १३० जंतू असले तरी ही चाचणी त्यांचा माग काढते. साधारण दोन तासांत निकाल देऊन, रिफाम्पिसिन या प्रमुख औषधास जंतू दाद देतील की नाही हेही ती सांगते. गोव्यातील एका कंपनीने विकसित केलेल्या ट्रूनॅट या भारतीय चाचणीस २०२० मध्ये तशीच मान्यता मिळाली. तिचे यंत्र लहान असून बॅटरीवर चालते; त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरही ते वापरता येते. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीस क्षयाचा संशय असेल, तर सूक्ष्मदर्शकावर न थांबता जनुकीय चाचणीच प्रथम करावी, असे राष्ट्रीय कार्यक्रमाचे धोरण आहे.

जे रुग्ण इतके खालावलेले असतात की त्यांना खोकून बेडकाही काढता येत नाही, त्यांच्यासाठी लघवीची एक चाचणी उपयोगी पडते. क्षयजंतूंच्या आवरणातील एक विशिष्ट घटक लघवीत उतरतो आणि कागदी पट्टीवर सुमारे २५ मिनिटांत ओळखता येतो. या चाचणीचा वापर जागतिक आरोग्य संघटनेने प्रथम २०१५ मध्ये सुचविला. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रतिकारशक्ती जितकी कमी, तितकी ती अधिक उपयोगी ठरते. कारण अशा शरीरात जंतूंचा प्रसार सर्वत्र झालेला असतो. मात्र या चाचणीचा नकार हा रोग नसल्याचा पुरावा नव्हे, हे विसरून चालत नाही.

रक्ताचे संवर्धन

क्षयाखेरीज इतर जिवाणूही अशा रुग्णांवर घाला घालतात. न्यूमोनिया उत्पन्न करणारे न्यूमोकोकस आणि रक्तात पसरणारे साल्मोनेला एच.आय.व्ही.बाधितांत वारंवार आढळतात. सी.डी.-४ पेशी ५० च्याही खाली गेल्यास क्षयजंतूंचेच भाऊबंद असलेले, माती-पाण्यात राहणारे काही जिवाणू शरीरभर पसरू शकतात. कर्करोगाच्या रुग्णांत क्लेब्सिएला, स्यूडोमोनास आणि ई. कोलाय यांचे भय असते.

यांचा शोध घेण्याचा मुख्य मार्ग म्हणजे रक्ताचे संवर्धन. प्रौढ रुग्णाच्या रक्तात जिवाणू शिरले असले, तरी अनेकदा एका मिलिलिटरमध्ये एखादाही सापडत नाही. म्हणून प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त घेऊन, वेगवेगळ्या जागांवरून किमान दोन वेळा नमुने घेतले जातात. ‘एवढे रक्त कशाला काढता?’ असे नातेवाईक विचारतात, त्याचे उत्तर हेच आहे. दोन ठिकाणांहून नमुने घेतल्यामुळे रक्तातील खरा जंतू आणि सुईबरोबर त्वचेवरून आलेला जंतू यांतील भेदही कळतो.

हे नमुने प्रतिजैविक औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावे लागतात, कारण औषध पोटात गेले की जंतू प्रयोगशाळेत वाढत नाहीत. तथापि, निकालाची वाट पाहत उपचार रोखूनही चालत नाही. ज्याच्या पांढऱ्या पेशी अत्यंत घटल्या आहेत अशा कर्करोगग्रस्तास ताप आला, तर नमुना घेऊन तासाभरात औषध सुरू करावे, असा दंडक आहे.

निदानाची दिशाभूल

निदानास विलंब होण्याचे एक कारण रुग्णालयाबाहेरच घडते. खोकला-तापासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविके घेतली जातात. त्यांतील फ्लोरोक्विनोलोन गटाची औषधे क्षयजंतूंवरही काही अंशी परिणाम करतात. त्यामुळे रुग्णास चार दिवस बरे वाटते, चाचणीत जंतू सापडत नाहीत, आणि रोग आत वाढत राहतो. शिवाय औषधांना दाद न देणारे जंतू तयार होण्याचा धोका असतो तो वेगळाच. स्टिरॉइड गटाच्या औषधांनी ताप व सूज दबतात; पण तो प्रतिकार दबलेला असतो, जंतू नव्हे.

याच्या उलट दिशाभूल उपचारानंतर होऊ शकते. एच.आय.व्ही.वरील औषधे सुरू झाल्यावर प्रतिकारशक्ती पुन्हा सावरू लागते. अशा वेळी दडलेल्या क्षयाची लक्षणे एकाएकी उफाळून येतात. ताप येतो, मानेतील गाठी सुजतात. ‘औषध बाधले’ असे समजून रुग्ण उपचार सोडतो. वस्तुतः सैन्य परत उभे राहिल्याची ती खूण असते. औषध न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे जाणे हाच त्यावर मार्ग आहे.

दोन आठवडे थांबू नये

सर्वसाधारण व्यक्तीस दोन आठवडे किंवा अधिक काळ खोकला असल्यास क्षयाची तपासणी करावी, हा नियम आता गावोगावी माहीत झाला आहे. दुबळ्या प्रतिकारशक्तीच्या रुग्णास तो लावणे मात्र धोक्याचे ठरते. एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीच्या बाबतीत खोकला, ताप, वजनात घट आणि रात्रीचा घाम या चारांपैकी कोणतेही एक लक्षण, ते कितीही दिवसांचे असो, तपासणीस पुरेसे मानले जाते. ए.आर.टी. केंद्रावरील प्रत्येक भेटीत हे चार प्रश्न विचारले जाणे अपेक्षित आहे. चारही प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असल्यास आणि इतर तपासणीतही रोग नसल्याची खात्री झाल्यास क्षयप्रतिबंधक औषध देता येते.

त्याचप्रमाणे क्षयाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची एच.आय.व्ही. व मधुमेह यांसाठी तपासणी केली जाते. एक रोग सापडला म्हणजे दुसऱ्याचा शोध घ्यावयाचा, असे हे दुहेरी सूत्र आहे. दोन्ही रोग आढळल्यास क्षयाचे उपचार आधी सुरू होतात आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय नसल्यास साधारण दोन आठवड्यांच्या आत एच.आय.व्ही.वरील औषधे जोडली जातात.

शासन आणि समाज

भारतात राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. २०२० पासून तो राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम या नावाने ओळखला जातो. तपासणी व औषधे त्यात विनामूल्य आहेत. एच.आय.व्ही.वरील मोफत औषधोपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाला. क्षयरुग्णाच्या पोषणासाठी निक्षय पोषण योजनेखाली २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली.

योजना असूनही रुग्ण तपासणीस का येत नाही, याचा विचार स्थानिक पातळीवरच होऊ शकतो. कासारवाडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात राज्याच्या अनेक जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून कामगार येतात. एका खोलीत अनेकांनी राहावयाचे, पाळ्यांत काम करावयाचे आणि सुटी घेतली तर रोजावर पाणी सोडावयाचे, अशी अनेकांची स्थिती असते. काम बदलले की खोली बदलते आणि उपचाराचा धागा तुटतो. सणाला गावी गेलेला आणि आजारी पडून तेथेच राहिलेला कामगार प्रथम दिसतो तो गावच्या सरपंचास, शिक्षकास किंवा आशा कार्यकर्तीस.

यासाठी पंचायत सदस्यांस करता येण्याजोगे पुष्कळ आहे. २४ मार्च २०२३ रोजी सुरू झालेल्या क्षयमुक्त पंचायत उपक्रमात, दर हजार लोकसंख्येमागे वर्षात किमान ३० संशयितांची तपासणी व्हावी, अशी एक कसोटी ठेवली आहे. हा आकडा भरताना केवळ खोकणारेच नव्हेत, तर मधुमेही, दगड व ओतकामातील कामगार, कर्करोगाचे उपचार घेतलेले आणि कारण नसता वजन घटत चाललेले ग्रामस्थ यांची आठवण ठेवली, तर तपासणी अधिक सार्थ होईल. शिक्षकांनाही वर्गात दोन गोष्टी सहज सांगता येतील : दुकानातून परस्पर प्रतिजैविक घेऊ नये, आणि एका चाचणीत जंतू न दिसणे म्हणजे रोग नसणे नव्हे.

मदत करताना एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला आहे. त्यानुसार संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, बाधित व्यक्तीची माहिती उघड करता येत नाही आणि नोकरी, शिक्षण व उपचार यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. गुपित राहील असा विश्वास नसेल, तर रुग्ण आपला पूर्वीचा आजार सांगत नाही; आणि तो सांगितला गेला नाही, तर डॉक्टर त्याच्याकडे पहिल्या कामगाराच्या नजरेनेच पाहतात. म्हणजेच गुप्तता हा केवळ सौजन्याचा विषय नसून निदानाचाच एक भाग आहे. एच.आय.व्ही.विषयी माहिती १०९७ या क्रमांकावर व क्षयरोगाविषयी १८००-११-६६६६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

क्षयावर औषध नव्हते, तेव्हा रोग ओळखूनही रुग्ण वाचविता येत नसे. पिंपरीसारख्या ठिकाणी उभ्या राहिलेल्या कारखान्यांनी ती असहायता दूर केली. आज उणीव आहे ती बहुतांशी योग्य वेळी योग्य चाचणीपर्यंत पोहोचण्याची. दुबळ्या शरीराची हाक क्षीण असते. ती ऐकू येण्यासाठी भोवतालच्यांनी कान अधिक सजग ठेवले पाहिजेत. रुग्णालय, कारखाना, शाळा आणि पंचायत यांनी आपापल्या जागी ही दक्षता बाळगली, तर दडलेला रोग उजेडात येण्यास आणि अनेक कुटुंबांचे कर्ते हात वाचण्यास विलंब लागणार नाही.